गामाबोंगचा भूतकोळी

बांग हाक्सू मास्तर हानेगोलच्या शाळेत विज्ञान शिकवायला आले, तेव्हा नवा मास्तर म्हणजे फार तर दोन हिवाळ्यांचा पाहुणा, असा गावाचा हिशेब होता. शहराकडची माणसं इथे उतरायची ती परतीच्या बसची वेळ विचारतच. थंडी हाडात शिरणारी, पानात भात कमी आणि मका-बटाटे जास्त. हे मास्तर मात्र पहिल्याच आठवड्यात घरोघर फिरून विचारायला लागले, "तुमच्या तळघरात जरा डोकावू का?"

तळघरं आमच्याकडे सगळ्यांचीच. बटाटे, मुळे, किमचीचे रांजण हिवाळाभर तिथेच राहतात. आणि तिथेच, छताला उलटे लोंबकळणारे ते कोळी असतात. अंग तांदळाच्या दाण्याएवढं, रंग तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखा, पाय मात्र केसासारखे बारीक आणि बोटभर लांब. फुंकर घातली की जाळ्यातल्या जाळ्यात असे थरथरतात की डोळ्यांना दिसेनासे होतात. म्हणून त्यांना आम्ही भूतकोळी म्हणतो. पोरं त्यांना फुंकर घालून खेळतात, मोठी माणसं झाडूने काढतात, यापलीकडे त्यांचं कुणाला काही नव्हतं.

बुनीचे वडील मास्तरांच्या त्या प्रश्नावर फावडं जमिनीत रोवून उभे राहिले. म्हणाले, "मास्तर, खरं काय ते सांगा. बटाटे बघायचेत, कोळी बघायचेत, की माझी पोरगी बघायची आहे?"

मास्तर कानापर्यंत लाल झाले. "आधी कोळी," म्हणाले.

बुनी अंगणात मुळे चिरत होती. मी तिच्या शेजारी. आम्ही एका वर्गातल्या, एका आळीतल्या. ती इतकी हसली की सुरी बाजूला ठेवावी लागली. मला हळूच म्हणाली, "ऐकलंस? 'आधी' म्हणाले." पुढच्या पानगळीत त्यांचं लग्न झालं, आणि गावाने त्यांना भूतमास्तर हे नाव कायमचं लावलं.

माझं बसथांब्याजवळ कुट्टूच्या पिठाच्या शेवयांचं दुकान आहे. शाळा सुटली की मास्तर कधी कधी तिथे येऊन बसायचे आणि मी न विचारता मला कोळी शिकवायचे. तळघरातला भूतकोळी जगात जिथे जाल तिथे तोच, असं ते सांगत. माणसाच्या सामानाबरोबर तो फिरला. पण डोंगरातल्या कड्यांखाली, खडकांच्या सांध्यांत राहणारे त्याचे भाऊबंद वेगळे. दुसऱ्या कोळ्यांची पिल्लं सूत सोडून वाऱ्यावर उडून जातात, ही जात नाहीत. ज्या कड्याखाली जन्मले त्याच कड्याखाली मरतात. असं हजारो वर्षं चाललं की डोंगरागणिक जात वेगळी पडते. आपल्या कोरियाच्या डोंगरांत आणि पलीकडे चीनच्या उत्तरेकडच्या डोंगरांत त्यांच्या जेवढ्या जाती आहेत तेवढ्या कुठेच नाहीत, हे सांगताना त्यांचा आवाज असा होई, जणू त्यांनीच त्या घडवल्या आहेत.

"आणि दिसायला?" मी विचारलं होतं.

"दिसायला सगळे सारखेच."

"मग वेगळे कशावरून हो?"

"नराच्या तोंडाशी दोन इवले हात असतात. त्यांच्या टोकाला आकडा. तो आकडा प्रत्येक जातीचा निराळा. सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतो."

मी म्हटलं, "मास्तर, शेवया गार होतायत."

रविवारी नवरा-बायको डोंगरात जायची. तो बाटल्यांची पिशवी घेऊन पुढे, ती उकडलेले बटाटे घेऊन मागे. त्यांना मूल झालं नाही. दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं. दुसऱ्यांदा गेल्यावर बुनी बरेच दिवस कुणाशी बोलत नव्हती. मग एका रविवारी पुन्हा डोंगरात गेली. तिथे एका खडकाखाली तिने भूतकोळ्याची मादी पाहिली. ही मादी अंडी जाळ्यात सोडून जात नाही, दोन-चार धाग्यांत गुंडाळून तोंडात धरते. पिल्लं बाहेर येईपर्यंत तिला काही खाता येत नाही. बुनी ओणवी होऊन बघत राहिली. मास्तरांनी बाटली काढली तसं तिने त्यांचं मनगट धरलं. "हिला नको."

"हिला नाहीच. मला नर लागतो," मास्तर म्हणाले.

हे बुनीनेच मला सांगितलं. म्हणाली, "बाई गं, कसला माणूस आहे! 'बरं, नाही घालत' एवढं म्हणता आलं नाही त्याला. जे खरं तेच म्हणाला." त्या वेळी ती हे हसत सांगत होती.

बुनीला एक धाकटा भाऊ होता, दोक्पाल. आई सतत शेतात, त्यामुळे बुनीनेच त्याला पाठीवर बांधून वाढवला. तो शेजारच्या खोऱ्यातल्या कोळशाच्या खाणीत लागला. पुढे कोळशाच्या खाणी एकामागून एक बंद झाल्या आणि तो तिशीत गावी परतला. खोकला घेऊन आला, पण जीभ तशीच तल्लख. आमच्या गामाबोंग डोंगराच्या पुढच्या अंगाला चुनखडीची खाण होती, तिथे त्याला डंपरवर काम मिळालं. आमच्या निम्म्या घरांचं पोट त्या खाणीवर होतं.

मास्तरांची थट्टा करणं हा दोक्पालचा नेम. "दाजी, तुम्ही आणि मी, दोघांनी आयुष्य बिळात काढलं. पण मला निदान कोळसा सापडत होता." काड्यापेटीत कोळी घालून आणायचा आणि माझ्या दुकानात मास्तरांपुढे ठेवायचा. मास्तर चष्मा वर करून बघायचे आणि म्हणायचे, "हा आपला घरातलाच."

"मग सोडतो बिचाऱ्याला. बायको वाट बघत असेल."

दर वेळी हेच. एकदा मात्र गामाबोंगच्या मागच्या कड्याखाली तो लघवीला थांबला आणि तिथून काड्यापेटी भरून आणली. मास्तरांनी पेटी उघडली, बराच वेळ पाहिली, आणि शेवया तशाच टाकून शाळेकडे धावत सुटले. दोक्पाल मला म्हणाला, "मालकीणबाई, यांचा वाडगा मी खातो. कामाचा मोबदला."

तो नर कुठल्याच जातीत बसेना. आकड्याचं टोक दुभंगलेलं होतं. मास्तर वर्षभर आजूबाजूचे डोंगर तुडवत राहिले, राजधानी सोलमधल्या एका प्राध्यापकांना दाखवून आले, आणि शेवटी त्या कोळ्याला नाव मिळालं, गामाबोंग भूतकोळी. दोक्पालने माझ्या दुकानात सगळ्यांना तांदळाची दारू पाजली. "माझा कोळी! दाजींनी नाव फक्त ठेवलं, शोधला मी. तोही कुठल्या अवस्थेत, ते विचारू नका."

पुढच्या अंगाचा दगड संपत आला तेव्हा खाणवाल्यांनी मागचा कडा मागितला. तोवर कायदे बदलले होते. कड्याखाली जगात दुसरीकडे कुठेही नसलेला जीव राहतो, हे छापून आलेलं होतं. वरून माणसं चौकशीला येणार, मास्तरांना बोलावणार, असं ठरलं.

आदल्या दिवशी दुपारी दोक्पाल दुकानात आला. मास्तर एकटेच बसले होते. मी मागे पीठ मळत होते, दार उघडं होतं.

"दाजी, मी तुमच्याकडे कधी काही मागितलंय?"

"गेल्या आठवड्यात छत्री मागितलीस."

"ती दिली ना परत?"

"नाही."

दोघेही हसले. मग दोक्पाल त्यांच्यासमोर मांडी घालून बसला आणि त्याचा आवाज बदलला. "उद्या ती माणसं विचारतील, हा कोळी आणखी कुठे आहे का. तुम्ही एवढंच म्हणा, 'असेलही.' बस. यात खोटं काही नाही."

"मी सगळे डोंगर पाहिलेत, दोक्पाल. नाही सापडला."

"सिरुसान?"

मास्तरांनी वाडगा बाजूला सारला. सिरुसान म्हणजे नदीपलीकडचा डोंगर, सरळ उभा, तेव्हा त्यावर वाटही नव्हती. "गेलो होतो एकदा. पाऊस लागला. पायथ्याला काही नव्हतं. आणि मध्ये नदी आहे, नदी ओलांडून हा जात नाही."

"म्हणजे वर गेला नाहीत."

"नाही."

"मग वर जाऊन या. तोवर 'असेलही' म्हणा."

"जे पाहिलं नाही ते आहे असं कसं म्हणू?"

"पाहिलं नाही म्हणून 'नाही' म्हणता येतं, आणि 'असेलही' म्हणता येत नाही? ही कुठली शाळा हो, दाजी?"

दोक्पाल उठला, बूट चढवले आणि जाताना मला म्हणाला, "यांच्या शेवयांचे पैसे आज माझ्याकडे."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी सांगितलं की हा कोळी गामाबोंगशिवाय कुठेही आढळलेला नाही. त्यांना जे माहीत होतं ते त्यांनी सांगितलं. मागचा कडा मिळाला नाही. खाण काही महिने रेंगाळली, मग यंत्रं गेली, मग माणसं. शाळेतली मुलं कमी झाली. मास्तर रस्त्याने चालले की लोक तळघरात काहीतरी काम आठवल्यासारखे आत वळत.

दोक्पाल दक्षिणेकडे एका महामार्गाच्या बोगद्यावर कामाला गेला. बस सुटायच्या आधी त्याने खिडकीतून बहिणीला हाक मारली. "ताई, दाजींना सांग, माझ्या कोळ्याला जपा. एकुलता एक आहे." थांब्यावर उभे असलेले सगळे हसले. बुनीही हसली. मग बस वळेपर्यंत रडत उभी राहिली.

वसंतात बोगद्याचं छत कोसळलं. आत तिघे होते, त्यांत तो.

दोक्पालचं लग्न झालेलं नव्हतं. खोऱ्यातल्याच एका मुलीशी जमत आलं होतं, पण खाण गेली तसं तेही लांबलं होतं. त्याची राख घरी आली तेव्हा माणसांनी अंगण भरलं होतं. मास्तर पांढरी फुलं घेऊन आले. बुनीची म्हातारी आई दारातच बसली होती. ती ओरडली नाही. शेजारच्या बाईला सांगावं तसं म्हणाली, "त्याला आत येऊ देऊ नका. त्याला माझं पोर नको होतं, कोळी हवे होते."

सगळ्यांनी बुनीकडे पाहिलं. नवरा दाराबाहेर उभा, आई उंबऱ्यावर. बुनीने मान खाली घातली आणि आत जाऊन आलेल्यांसाठी ताटं वाढायला लागली. मास्तर संध्याकाळपर्यंत भिंतीपलीकडे उभे होते. फुलं शेवटी मी घेतली आणि आत नेऊन ठेवली.

आईला सांभाळायला म्हणून बुनी माहेरी, वरच्या घरी राहिली. आई गेली तरी खाली आली नाही. भांडण असं झालं नाही. हिवाळा तोंडावर आला की किमचीचा एक रांजण शेजाऱ्याच्या टेम्पोने खाली यायचा. उन्हाळ्यात मास्तर तिच्या घराचं छप्पर शाकारायला माणूस पाठवायचे. रस्त्यात भेटली तर "जेवलात का?" असं ती विचारायची, आणि "जेवलो" असं ते सांगायचे. जेवलेले नसायचे, कारण तासाभराने ते माझ्याकडे येऊन बसायचे. हा एकच खोटेपणा मी त्यांच्या तोंडून ऐकला.

वर्षं गेली. मास्तर निवृत्त झाले, गुडघे गेले, केस गेले. सिरुसानवर वीजवाल्यांनी खांबांसाठी रस्ता कापला. म्हाताऱ्याला राहवतंय थोडंच! काठी टेकत, वीजवाल्यांच्या गाडीतून, ते वर पोहोचले. त्या उन्हाळ्यात ते पुन्हापुन्हा तिकडे गेले. मग बरेच दिवस दिसलेच नाहीत. मला वाटलं आजारी पडले. एक दिवस दुपारी आले, बसले, आणि वाडग्याकडे बघत म्हणाले, "मालकीणबाई, गामाबोंगचा भूतकोळी नाही."

"मेला? सगळे मेले?"

"नाही हो. आहेत. खंडीभर आहेत. पण ती जात नाही. सिरुसानवर दुभंगलेल्या आकड्याचे आहेत, साध्या आकड्याचे आहेत, आणि अर्धवट दुभंगलेलेही आहेत, एकाच कड्याखाली. सगळी एकच जात. पूर्वेकडच्या डोंगरांतली, माझ्या आधी कुणीतरी नाव ठेवलेली, जुनी जात. तीच नदीच्या वरच्या अंगाने, जिथे नदी नुसता ओढा आहे तिथून, इकडे आलेली. मला तिचं टोक तेवढं सापडलं होतं."

समजायला मला वेळ लागला. समजलं तेव्हा हातातलं फडकं तसंच राहिलं. "हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"तुम्हाला आणि मला."

"मग राहू द्या की, मास्तर. आता कुणाचं काय भलं होणार आहे?"

शेवया वाडग्यात फुगून वर आल्या, त्यांनी एक घासही घेतला नाही. उठताना म्हणाले, "छापायला तर पाठवावं लागेल. पण आधी तिला सांगतो. तिने ते दुसऱ्याकडून ऐकू नये."

ते वरच्या घरी गेले तेव्हा मीही तिथेच होते, किमचीसाठी लसूण सोलायला. त्यांना चढ चढून येताना बुनीने लांबून पाहिलं. उठून आत गेली आणि बसायला चटई घेऊन आली. किती वर्षांनी ते त्या अंगणात पाय ठेवत होते! ते चटईवर बसले नाहीत. उभ्यानेच सगळं सांगितलं, मला सांगितलं होतं तसंच, आकडा, ओढा, जुनी जात. बुनी लसूण सोलत ऐकत होती.

"म्हणजे तो 'असेलही' म्हणत होता, ते बरोबर होतं," ती म्हणाली.

"हो."

"सिरुसानवर गेला असतात तर तेव्हाच दिसलं असतं."

"हो. दिसलं असतं."

तिने हातातला लसूण खाली ठेवला. "मग आता कशाला आलात सांगायला? इतकी वर्षं मी मनाला समजावलं, की माझा भाऊ गेला, पण जगात एकच असलेलं काहीतरी त्याच्या जिवावर वाचलं. त्याचाच कोळी होता तो. तेवढं तरी माझ्याकडे होतं. तेही न्यायला आलात?"

"बुनी, खोटं कसं ठेवू मी..."

"तेव्हाही हेच म्हणाला होतात!"

मास्तर गुडघ्यांवर बसले, डोकं जमिनीला टेकवलं आणि तसेच राहिले. म्हाताऱ्या गुडघ्यांना ते झेपत नव्हतं, पाठ हलत होती. बुनी त्यांच्याकडे बघत होती. मला वाटलं आता उठवेल. ती आत गेली आणि दार ओढून घेतलं. त्यांना हात देऊन मी उठवलं.

त्यांनी लिहून पाठवलं, छापून आलं, आणि गामाबोंगचं नाव जातींच्या यादीतून गेलं. गावात कळायला वेळ लागला नाही. कुणी त्यांच्या फाटकावर सडके बटाटे फेकले. खाणीत ज्यांचे बाप होते ती माणसं बाजारात मोठ्याने हसली. तेव्हाचा मुकादम मात्र माझ्या दुकानात म्हणाला, "निदान सांगितलं तरी. आपल्यातल्या कुणी सांगितलं असतं?" खाणवाले काही परत आले नाहीत. दगड आता दुसरीकडून स्वस्त येत होता. मागचा कडा आहे तसाच उभा राहिला.

त्या हिवाळ्यात मास्तरांनी अंथरूण धरलं. फुप्फुसात पाणी झालं होतं. मी शेवयांचं पाणी घेऊन गेले तर चुलीपाशी बुनी. चुलीच्या धगीने खोलीची जमीन तापवली होती, खिडक्यांना नवा कागद लावला होता, आणि त्यांच्यासाठी बटाट्याची पेज करत होती. "कधी आलीस गं?" मी विचारलं.

"पेज ढवळ, खाली लागेल," ती म्हणाली.

ती शेवटपर्यंत राहिली. त्या गोष्टीबद्दल दोघं बोलल्याचं मी एकदाच ऐकलं. मास्तरांना धाप लागली होती, तिचा हात धरून ते म्हणाले, "मला माफ कर."

तिने त्यांच्या तोंडाला लागलेली पेज पुसली. "ते माझ्याकडे मागू नका. त्याच्याकडे मागा. आता भेटेलच. आणि त्याची छत्री नव्हे, तुमची छत्री, तीही मागून घ्या."

मास्तर हसायला गेले आणि खोकले. बर्फ वितळायच्या आत गेले.

आता ती खालच्याच घरी असते. बाटल्या विद्यापीठाची माणसं घेऊन गेली, तिने कपाटंही दिली. लग्न न झालेल्या माणसाचं श्राद्ध आमच्याकडे करत नाहीत, आणि बायकोच्या माहेरच्यांचं पान नवऱ्याच्या पानाशेजारी तर मांडतच नाहीत. बुनी मांडते. मास्तरांच्या तिथीला दोन पानं, एकावर बटाट्याची पोळी आणि चहा, दुसऱ्यावर दोक्पालसाठी तीच पोळी आणि तांदळाची दारू. मास्तरांचा चुलतभाऊ शहराहून आला होता, तो पहिल्या वर्षी कुरकुरला. "वहिनी, अशी रीत नाही. दोघांना एकत्र कसं बसवता? पटायचं का त्यांचं?"

"भांडतील," बुनी म्हणाली. "भांडू देत. तुम्ही ती दारू नीट ओता, सांडताय."